गारगोट्यांचं कडं

रविवारी आमच्याबरोबर पक्षी बघायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवायचे. एक, भडक कपडे घालून येऊ नका. दोन, डब्यात काय आणलंय याची चर्चा गाडीतच उरकून घ्या. दोन्ही गोष्टी कुणी मनावर घ्यायचं नाही. देवळाली कॅम्पातून येणारी फौजी कुटुंबं तेवढी मुकाट्याने रांगेत चालायची. बाकी आमचे नाशिककर म्हणजे निरीक्षण मनोऱ्याची शेवटची पायरी चढायच्या आत विचारणार, "मॅडम, फ्लेमिंगो कुठे आहेत?" जसं काही मी त्यांना कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

तरी ही माणसं मला आवडायची, हे कबूल करते. नाशिकपासून तासाभरावर, द्राक्षबागा मागे पडून उसाचे फड लागतात तिथे, धरणाच्या फुगवट्याला लागून पक्ष्यांचं अभयारण्य आहे. सूर्य उगवताना आम्ही बांधावरून चालायला सुरुवात करायचो. मग मनोऱ्यावर स्टँड लावून मोठी दुर्बीण, तिच्यापुढे पाळीपाळीने उभं राहणं, थापट्या कोणता आणि तलवार बदक कोणतं यावर नवरा-बायकोची भांडणं. हळदी-कुंकू नावाचं बदक खरोखर असतं म्हटलं की बायकांत हशा पिकायचा. शेवटी मनोऱ्याखालच्या टपऱ्यांवर पोहे, भजी, चहा. पिंपळगावहून येणारे एक बागायतदार काका दर हिवाळ्यात द्राक्षांची पेटी आणायचे आणि एकही पक्षी न बघता सगळ्यांना द्राक्षं वाटत फिरायचे.

हे झालं हिवाळ्याचं. होळी झाली की पाहुणी बदकं निघून जातात आणि माणसंही. त्या ओस पडलेल्या दिवसांत लोकांनी यावं म्हणून आमचा गट चालवणाऱ्या सरांनी एक उपक्रम काढला होता. त्याला आम्ही नुसतं 'कडं घालणं' म्हणायचो.

चैत्रात पाणी उतरलं की अभयारण्याच्या हद्दीबाहेर, फुगवट्यात, वाळूखड्यांचं एक लांबट बेट उघडं पडतं. तिथे नदी सुरय अंडी घालतात. काळी टोपी, पिवळीधमक चोच, राखाडी पाठ आणि दुभंगलेली शेपटी असा हा पक्षी. घरटं म्हणायचं ते नावापुरतं. पोट दाबून वाळूत केलेला बशीएवढा खळगा आणि त्यात दोन-तीन मातकट, तपकिरी डागांची अंडी. पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. म्हणून पांढऱ्या गारगोट्या. प्रत्येक पाहुण्याने बांधाच्या उतारावरून ओंजळभर गारगोट्या वेचायच्या, होडीने बेटावर जायचं, सर दाखवतील त्या घरट्याभोवती हातभर अंतर सोडून गोल मांडायच्या आणि पाच मिनिटांत परत होडीत बसायचं. कडं दिसलं की माणूस पाय जपून टाकेल, ही त्यामागची कल्पना.

लोकांना याचं किती वेड होतं ते सांगून खरं वाटणार नाही. फ्लेमिंगो नाही दिसले तरी चालतील, पण कडं घालायला मिळालं पाहिजे. मंगळवार-बुधवारी फोन यायचे, "मॅडम, आमच्या घरट्यात पिल्लं झाली का?" आमच्या घरट्यात! मी हसायचे, पण मलाही बरं वाटायचं.

सर म्हणजे नाशिकच्या एका शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. अंगाने काटकुळे, आवाज मात्र वर्गभर पुरणारा. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मी अंबडला एका इंजिनिअरिंग कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, माप चुकलं असेल तर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि बाजूला काढायचं, हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून माझा स्वभावच तसा झालाय, असं घरचे म्हणतात. लग्न मी केलं नाही. त्याचंही कारण घरचे तेच देतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कारखान्याच्या सहलीत बेटावर गेले, तेव्हा सरांच्या पुस्तकातल्या एका चित्राखाली नाव चुकलंय हे मी त्यांना दाखवलं. ते रागावले नाहीत. "इन्स्पेक्टरबाई, पुढच्या रविवारी या," म्हणाले. तेव्हापासून माझे रविवार त्यांचे झाले.

सरांचा एकच नियम होता. "पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही." दर रविवारची वही होती. किती घरटी, किती अंडी, किती पिल्लं, वारा कसा, पाणी किती उतरलं. एकदा मी 'पक्षी घाबरलेले होते' असं लिहिलं तर त्यांनी ते खोडून 'पक्षी उडाले' असं लिहायला लावलं. मला हे फार पटायचं. कारखान्यात आम्ही वेगळं काय करतो?

कडं घालायची पद्धत कशी सुरू झाली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही होडीत, माझ्याकडे न बघता. पहिल्यांदा ते त्या बेटावर गेले तेव्हा त्यांच्या चपलेखाली काहीतरी कुडकन् मोडलं. पाय उचलून बघितलं तर अंडं, आणि आतलं पिल्लू जवळजवळ पूर्ण वाढलेलं. त्याची चोच हलत होती म्हणे. ते हलायचं थांबेपर्यंत सर तिथेच उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढच्या रविवारी खिसे भरून गारगोट्या घेऊन गेले.

मी जायला लागले तेव्हा त्या बेटावर चाळीसच्या वर घरटी असायची. आम्ही चालायला लागलो की सगळे सुरय एकदम उठून डोक्यावर कल्ला करायचे. मग तीस झाली. मग बावीस. एका वर्षी पंधरा. कारणं आम्हाला हवी तेवढी सापडत होती. कुत्री येतात. पाणी अवेळी सोडतात. फोटोवाले तासन् तास बसतात आणि उन्हात अंडी शिजतात. सरांनी अर्ज लिहिले, मी भांडणं केली. एका बाईच्या म्हशी काठावर उतरल्या म्हणून मी तिला इतकी टाकून बोलले की ती रडायला लागली. "म्या काय केलं ओ ताई?" एवढंच ती म्हणत होती. तिने खरंच काही केलं नव्हतं. तिच्या म्हशी बेटापर्यंत कधी पोहोचल्याच नव्हत्या.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर सर न्हाणीघरात पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ते काही उठले नाहीत. नंतर छातीत पाणी झालं. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या दाराशी त्यांची कॉट टाकली होती. कठड्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लोणच्याची जुनी काचेची बरणी ठेवलेली, आणि तिच्यात बेटावरून खिशात चुकून घरी आलेल्या गारगोट्या. चाळीस वर्षांचे धुण्यात सापडलेले खडे, असं काकू म्हणायच्या. काकू स्वतः बेटावर कधी आल्या नव्हत्या. "मला तुमचं ते ऊन नको आणि ती होडी नको," म्हणायच्या, आणि रविवारी पहाटे उठून सगळ्यांसाठी बेसनाचे लाडू बांधून द्यायच्या.

गेल्या उन्हाळ्यात उपक्रम माझ्यावर आला. संध्याकाळी घरी जाण्याआधी मी सरांकडे जायचे आणि दिवसाची वही वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. आठवडाभर ते तेवढ्याचसाठी तग धरतात, असं काकू मला जिन्यात म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी बेटावर अकरा घरटी होती. पहिल्या रविवारी आम्ही दहांना कडी घातली. अकरावं पलीकडच्या टोकाला, खुरट्या गवताआड होतं. ते मला निघता निघता दिसलं, तोवर मंडळी होडीत बसली होती. परत आलो, लोक पोहे खाऊन नाशिकला गेले. माझी टोपी होडीत राहिली होती म्हणून मी पुन्हा काठावर आले. होडीवाला बाभळीखाली बसून भाकरी खात होता. गावातलाच माणूस, मासेमारी करणारा, इतकी वर्षं आम्हाला ने-आण करत आलेला. मी दुर्बीण सहजच बेटाकडे लावली.

एक कावळा बेटावर उतरला होता. तो शोधत नव्हता. सरळ पहिल्या कड्याकडे चालत गेला, गारगोटी ओलांडून आत गेला, मान खाली घातली आणि वर केली. सुरय वरून झेपा घालत होते, त्याने पर्वा केली नाही. मग तो दुसऱ्या कड्याकडे गेला. मग तिसऱ्या. पोस्टमन पाट्या वाचत जातो तसा चालला होता. मधल्या वाळूवर त्याने मानही वळवली नाही. सहाव्या कड्यानंतर त्याला आणखी दोघे येऊन मिळाले.

मी ओरडले असेन, कारण होडीवाला उठून आला. मी त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्याने ती डोळ्याला लावलीच नाही.

"कावळं ना? दरसाल येत्यात ताई. तुमी गेलात की लगेच. त्यास्नी म्हाईत हाय, पांढरा खडा दिसला की मधी खायाला हाय."

"आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"सरांला कसं सांगायचं? मोठा माणूस. इतकं जीव लावून करायचं. मी म्हनलं, त्यांला ठावं असंल."

मला त्याचा भयंकर राग आला. पण कारखान्यात मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, दोष कुठे आहे ते आधी शोधा, कोणाचा ते नंतर. मी घरी गेले आणि झोप लागली नाही. एका दिवसाच्या पाहण्यावर काही ठरवायचं नाही, हेही सरांनीच शिकवलेलं. पुढच्या दोन रविवारांत मी तपासून पाहिलं. काही पक्ष्यांनी पुन्हा अंडी घातली होती. उशीर झालाय असं लोकांना सांगून मी निम्म्याच घरट्यांना कडी घालू दिली आणि निम्मी तशीच सोडली. कड्यातलं एकही अंडं राहिलं नाही. उघडी सोडलेली बहुतेक राहिली. आणि पलीकडच्या टोकाला, आमच्याकडून चुकून राहिलेल्या त्या अकराव्या घरट्यात, दोन पिल्लं होती. वाळूच्याच रंगाची, चिकटून बसलेली.

म्हणजे चाळीसची अकरा कुत्र्यांनी केली नव्हती, म्हशींनीही नाही. आम्ही केली होती. कावळे तरी कुठून आले? मनोऱ्याखालच्या टपऱ्यांवर आमच्याच पोह्या-भज्यांच्या कागदांवर ते वाढले, आणि कुठे काय आहे ते आम्ही गारगोट्या मांडून त्यांना दाखवून दिलं. दर उन्हाळ्यात, हौसेने, फोटो काढून. त्यातली किती कडी माझ्या हातची होती ते मला ठाऊक आहे. वह्या आहेत ना.

त्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी सरांकडे गेले तेव्हा वहीत सगळं लिहिलेलं होतं. 'कावळा एका कड्यातून दुसऱ्या कड्यात गेला. मधल्या वाळूवर थांबला नाही.' सरांच्या नाकाला नळी होती. मशीनची घरघर चालू होती. मी वाचायला लागले. घरटी अकरा, अंडी सत्तावीस, वारा पश्चिमेचा. पुढची ओळ आली आणि मी ती गाळली. पान उलटलं.

"कडी घातली?" त्यांनी विचारलं.

"घातली, सर."

"सगळ्यांना?"

"एक राहिलं."

"असं कसं राहिलं?" त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी त्याला आधी घाल. आयुष्यात बाकी काय केलं कोण जाणे, पण एवढं एक नीट झालं माझ्या हातून."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी वही पिशवीत घातली. पाहिलं ते लिहायचं, असं सांगणाऱ्या माणसाला मी पाहिलेलं वाचून दाखवलं नाही, आणि पुढचे सगळे रविवार तेच केलं. पिल्लं उडाली, असं सांगितलं. किती, ते मनाने सांगितलं. दुसऱ्यांच्या मापातली केसाएवढी चूक मी आयुष्यात कधी सोडली नाही. इथे मी सरळ खोटा शिक्का मारत होते, आणि तो माणूस समाधानाने मान हलवत होता. यात दया किती होती आणि भित्रेपणा किती, ते मला आजही सांगता येत नाही. ऊन फार झालंय असं लोकांना सांगून मी त्या वर्षीचा उपक्रम लवकर गुंडाळला आणि होडीवाल्याबरोबर जाऊन उरलेली कडी मोडून टाकली.

सर दिवाळीनंतर गेले. शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. स्मशानातून परत येताना माझ्या मनात आलेला पहिला विचार हा होता की आता सांगता येईल. स्वतःची लाज वाटली, पण विचार आला हे खरं.

सांगणं मात्र झालं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांचे फोटो येत होते. वाकून गारगोटी ठेवताना सर, कोणाच्या तरी मुलीला कडं दाखवताना सर. लोक खाली हात जोडत होते. मी चार वेळा मजकूर लिहिला आणि चारही वेळा पुसला. मग कोणीतरी सुचवलं की या चैत्रात सरांच्या आठवणीसाठी सगळ्यांनी बेटावर जमायचं आणि प्रत्येक घरट्याला कडं घालायचं. पन्नास-साठ अंगठे उठले. त्यानंतर काकूंचा फोन आला. "मी पण येणार आहे गं. होडीत बसेन. मला धरशील ना?"

मी ठरवलं होतं की बेटावर जाण्याआधी, बांधावर, सगळ्यांसमोर बोलायचं. वाक्यं पाठ केली होती. सरांना कमीपणा येणार नाही अशी. त्यांनीच आपल्याला बघायला शिकवलं, म्हणून जे दिसलं ते सांगते, अशी सुरुवात. आदल्या दिवशी जाऊन बेट बघून आले. घरटी तीन होती. चाळीसच्या जागी तीन. हे बोलायचं ते त्या तीन घरट्यांसाठी बोलायचं होतं.

बांधावर बरीच माणसं आली होती. फौजी कुटुंबं आली, द्राक्षवाले काका काठी टेकत आले. काकू माझ्या गाडीतून आल्या होत्या. पांढरी साडी, डोक्यावर सरांची पक्षी बघायची टोपी. मांडीवर ती लोणच्याची बरणी. मी पुढे झाले आणि म्हणाले, "यंदा आपण कडी न घालता नुसतं लांबूनच बघितलं तर? गेल्या वर्षी मला असं दिसलं की..."

काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. समजत नसल्यासारख्या बघत होत्या. त्यांनी बरणी माझ्या हातात दिली.

"हे खडे त्यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं रविवारी घरात माणूस नव्हता, आणि कशासाठी नव्हता ते मी बघितलंसुद्धा नाही. आज मला एकदा बघू दे. पहिला तू ठेव. तुला ते मुलगी मानायचे."

माझी पाठ केलेली वाक्यं कुठे गेली मला माहीत नाही. या बाईला मी काय सांगणार होते? की तुमच्या नवऱ्याने चाळीस वर्षं रविवारी घर सोडलं ते कावळ्यांना जेवायला वाढण्यासाठी? होडीवाला वल्ह्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. मी त्याची नजर टाळली आणि काकूंचा हात धरून त्यांना होडीत बसवलं.

पहिली गारगोटी मी ठेवली. दुसरी काकूंनी. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या कंबरेला धरलं. लोकांनी पाळीपाळीने तीनही कडी पुरी केली, कुणी डोळे पुसले, कुणी फोटो काढले. सुरय डोक्यावर ओरडत होते. काकूंनी वर बघून विचारलं, "हेच का ते?" मी हो म्हटलं. "किती सुंदर आहेत गं," काकू म्हणाल्या.

मनात मी ठरवून टाकलं होतं की लोक पांगले की लगेच परत बेटावर जायचं आणि खडे काढायचे. पण काकूंना उन्हाने चक्कर आल्यासारखं झालं. त्यांना घरी पोहोचवणं भाग होतं, आणि गाडी माझीच होती. निघताना मी होडीवाल्याला हळूच सांगितलं, "सगळे गेले की तेवढे खडे काढून टाका."

त्याने मान हलवली नाही. "आज सरांच्या नावाचं हायेत ते ताई. माझ्या हातून नाय व्हायाचं. तुमीच या."

घरी काकूंनी लाडू करून ठेवले होते. मी दारातूनच निघत होते तर त्यांनी हाताला धरून बसवलं. बरंच बोलल्या. सरांच्या चपलांना लागलेल्या वाळूबद्दल, खिशातल्या खड्यांनी वॉशिंग मशीन दोनदा बिघडलं त्याबद्दल. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी घड्याळाकडे बघत लाडू खाल्ला. मग दुसराही खाल्ला, कारण त्यांनी आग्रह केला.

तासाभराचा रस्ता पुन्हा कापून बेटावर पोहोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. होडीवाल्याने मला नेलं आणि तो होडीतच बसून राहिला. तीनही कडी जागच्या जागी होती, एकही खडा हललेला नव्हता. आत खळगे रिकामे होते. एकाच्या कडेला टरफलाचा तुकडा पडला होता, आतून ओला.

मी गुडघ्यावर बसून खडे गोळा केले आणि एकेक करून पाण्यात फेकले, ते सरांचे होते तरी. आता त्याचा काही उपयोग नव्हता. सगळे फेकून होडीत येऊन बसले, तेव्हा सुरयाची एक मादी पाण्यावर उतरली. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून हे पक्षी पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसतात. सर हे पाहुण्यांना दुर्बिणीतून दाखवायचे, आणि ते बघून भलेभले गप्प व्हायचे. त्या मादीने पोट भिजवलं, उडून आली आणि नेमकी त्यातल्या एका रिकाम्या खळग्यावर बसली. इकडे-तिकडे सरकून तिने अंग नीट जमवून घेतलं.

फोन वाजला. काकू होत्या. "पोहोचलीस का गं घरी? एक विचारायचं राहिलं. आपली घरटी नीट राहतील ना?"

मी त्या पक्ष्याकडे बघत होते.

"बसलीय, काकू," मी म्हणाले. "मादी बसलीय घरट्यावर. मी बघतेय ना."

"मग बरं झालं," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मला लवकर घेऊन चल. मी गॅलरीत खडे जमवून ठेवते."